सगळा पेंढा

नवसूने खालून भिरकावलेली पेंढी पुन्हा पेंढ्याच्या उडवीच्या पोटावर आपटून खाली आली, आणि वर उभी असलेली सरू हसू लागली.

"मिलमधी काय नुसता पगारच घेत व्हते वाटतं?"

"मिलमधी मशीन व्हती. बायको वर उभी नव्हती."

तसा नवसूचा जन्म पेंढ्यातच गेला होता. सापगावच्या रस्त्यावरच्या पेपरमिलमध्ये तो यंत्रात पेंढा घालायचा, त्याचा पुढे पुठ्ठा व्हायचा. घरची उडवी मात्र सरूच रचायची, शेजारच्या तानीला हाताशी घेऊन. उरलेला पेंढा मिलचा ट्रक न्यायचा. नव्व्याण्णवच्या होळीनंतर मिलला टाळं लागलं, तेव्हा साऱ्या शेणवे गावाने हळहळ केली. सरूनेही केली. पण आतून तिचा जीव सुखावला होता, आणि हे सांगायचं तरी कुणाला? रात्रपाळी करून दिवसभर तोंडावर पांघरूण घेऊन पडणारा नवरा आता रोज तिच्यासोबत जेवायला बसत होता. भात पोटापुरतं पिकलं होतं, मीठमिरची मजुरीवर भागत होती.

फक्त आज हेमंत यायचा होता. मिलचा हा जुना सुपरवायझर गुजरातेत वापीच्या मिलमध्ये लागला होता आणि नवसूसाठी तिथे जागा धरून बसला होता. नवसूने होय-नाही काहीच सांगितलं नव्हतं, आणि सरूनेही विचारलं नव्हतं. 'जाऊ नका' म्हणावं, तर उद्या पोरांना काही कमी पडलं की खापर तिच्याच डोक्यावर.

मोटारसायकल बांधाशी थांबली.

"काय नवसू, सोमवारी निघायचं ना?"

"बसा हेमंतभाऊ. हातातलं होऊ दे."

सरूने पुढची पेंढी ओढून घेतली. ती वाकून पेंढ्या दाबत राहिली.

"बास झालं," ती म्हणाली. "शेंडा काढून संपवते आता."

"नको गो. सगळा पेंढा चढवायचा."

"सगळा? दोन बैलांना खाऊन उरंल."

"म्हशीला लागंल की."

"कुठली म्हस?"

"धाऊमामाची. अर्धेलीनं देतो म्हणालाय, निम्मं त्याचं, निम्मं आपलं. काल बोलून आलो."

सरूचे हात थांबले. हेमंत मोटारसायकलवरून उतरला.

"अरे, पण म्हशीचं करणार कोण? ही एकटी?"

"एकटी कशाला? धार मी काढीन."

सरूला इतकं बरं वाटलं की तिने तोंड पलीकडे फिरवलं.

"येते का काढाय?" तिने मागे न बघताच विचारलं.

"नाय," नवसू म्हणाला. "पण वापीला मला कोण शिकवणार हाय?"