बाटलीतलं दूध

बाळाने ओकलं आणि तिला वास आला. आंबट, पण त्यात पावडरचा गोडसर दर्प. जन्मापासून तीन आठवडे ती त्याला फक्त अंगावर पाजत होती. हा वास तिच्या दुधाचा नव्हता.

मोरीत बादलीमागे लपवलेली बाटली सापडली. बुचाला चिकट पांढरा थर.

"आई, हे काय?"

सासू भाजी निवडत होती. "तू आंघोळीला गेलीस की पाजते. तुझं दूध विषारी आहे म्हणे."

"कोण म्हणालं?"

"दवाखान्यातली नर्स. फोन करून म्हणाली, सुनेला एचआयव्ही आहे, नातवाला सांभाळा."

ती स्वतः शिंप्याच्या दुकानात काज-बटणं करायची. आजार कळल्यापासून चार वर्षांत एक गोळी चुकवली नव्हती. रक्ततपासणीत विषाणू सापडत नव्हता. डॉक्टरबाईंनी सगळं उघड सांगितलं होतं. धोका फार कमी, पण शून्य नाही. बाळाला रोज औषध द्यायचं. अंगावरचं किंवा पावडरचं, काहीतरी एकच. सरमिसळ मात्र नको, त्याने धोका वाढतो. ठरवा तुम्ही. तिने ठरवलं होतं. नवराही शेजारी बसून "हो" म्हणाला होता.

तो आता दारात उभा होता.

"तुला माहीत होतं?"

"आईच्या समाधानासाठी गं," तो म्हणाला. "एवढं काय मनाला लावून घेतेस?"

त्याचा तो लाडीगोडीचा आवाज ऐकून तिला शिसारी आली.

"आणि हा आजार घरात कुणी आणला, ते सांगितलंस आईंना?"

सासूचे हात थांबले. "काय म्हणतेय ही?" तो भिंतीकडे बघत राहिला. त्याच्या गोळ्यांची आठवणसुद्धा तीच करून द्यायची.

ती बाळाला घेऊन निघाली, ती थेट डॉक्टरबाईंकडे. त्यांनी बाळाला तपासलं, अंगावर पाजणं चालू ठेवायला सांगितलं आणि नर्सविरुद्धची तक्रार तिच्याकडून लिहून घेतली. नर्सची नुसती दुसऱ्या विभागात बदली झाली. तिथेही रुग्णांची कागदपत्रं तिच्याच हातात. ऐकून हिला थुंकावंसं वाटलं.

ती बहिणीकडे राहायला गेली. बाळाची सहा आठवड्यांची एचआयव्ही तपासणी चांगली आली; पुढच्या अजून व्हायच्या होत्या. एक दिवस सासू आली. रडून डोळे सुजलेले.

"चुकलं माझं. मांडीवर दे ना जरा."

तिने बाळ दिलं. पण समोरच बसून राहिली, सासू उठून जाईपर्यंत.