खळीला कोरडं, चुलीला ओलं

“माहेराहूनच खोकला घेऊन आली की ही! उद्या बाप येतोय, त्याच्यासंगंच लावून द्या.”

रेवणप्पा हे आपल्या बायकोला, ईरम्माला, हातमागाच्या खोलीत हळूच म्हणाले. पण मध्ये नुसतं फळ्यांचं दार. चुलीपुढे बसलेल्या नव्या सुनेनं, दाक्षायणीनं, ऐकलं. मीही ऐकलं. लोखंडाची असून हादरले.

मी फुंकणी बोलतेय. गिरणीतल्या मोडक्या नळीचा हातभर तुकडा कापून लोहारानं मला केलं, आणि एकोणीसशे सव्वीस साली सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत ईरम्मानं मला घेतलं. आता चौतीस साल चालू आहे. लोक बाईचा चेहरा बघतात; मला तिचा श्वास कळतो.

ईरम्माच्या एका फुंकेत जाळ व्हायचा. चार वर्षांत तिचे डोळे गळू लागले, मग तुटलेला धागा दिसेना. घर म्हणालं, वय झालं. वय होतं अडतीस.

मग तिच्या मुलाची, चन्नवीरची, पहिली बायको आली, गंगव्वा. फुंकेत लई दम. तिसऱ्या वर्षी चूल पेटवताना चारदा थांबायची. एके दिवशी मला हातात धरून नुसतीच बसली. महिन्याभरात गेली. घर म्हणालं, माहेरचा रोग.

ह्या घराचा नेमच तसा. कोरडं लाकूड महाग, म्हणून ते सुताला ताठपणासाठी लावायची खळ शिजवायला. तेही अंगणात, मोकळ्या हवेत. चुलीला कापसाच्या ओल्या काड्या, पऱ्हाट्या. पांढऱ्या सुतावर धूर बसू नये म्हणून स्वयंपाकघराचं दार बंद. मला आधी वाटलं, आत बाई आहे हे विसरले असतील. छे! भाकरी तर वेळेवर मागत होते.

दाक्षायणी पाच महिन्यांपूर्वी आली. पहिल्या दिवशी तिनं अशी फुंक मारली की राख भिंतीपर्यंत उडाली. एकटीच हसली. छातीत काही असतं तर मला कळलं नसतं? पण फुंकणीला कोण विचारतं!

आज माझं तोंड झिजलंय, पोट काजळीनं भरलंय. तीन बायकांचा श्वास माझ्यातून गेला, त्यातला एक संपला. दुसरा संपलेला मला बघायचा नाही.

दाक्षायणीला खोकला आला. बाहेरून ईरम्मा कुजबुजली, “हळू खोक गं, ऐकू जातंय.”

दाक्षायणी उठली. तिनं दार सताड उघडलं. धूर मागावर गेला.

“अगं दार लाव! सूत काळं होतंय की!” रेवणप्पा ओरडले. चन्नवीर मागावरून उठलाच नाही, बघत राहिला.

पाच महिन्यांत सासऱ्यांपुढे मान वर न केलेल्या त्या पोरीनं मला त्यांच्या हातात दिलं.

“माझे अप्पा उद्या येत्याल, मामंजी. तवर चूल तुमी फुंका, दार मी लावते. मग दोघांतलं कुणाला न्यायचं, ते त्यास्नीच इचारू.”