उड्डाणाच्या दिवशीची दाढी

शिरस्त्राण तिसऱ्यांदा फुसफुसलं आणि खापर फुटलं ते दूस्याच्या शिवणीवर.

येवदोकिया साव्हेल्येव्हना, म्हणजे सगळ्यांची दूस्यामावशी, मॉस्कोबाहेरच्या त्या कुंपणाआडच्या कारखान्यात वैमानिकांच्या शिरस्त्राणांचं काम करायची. धातूचं कवच आणि काच दुसऱ्यांकडे. आतलं कापडी अस्तर आणि मानेला-हनुवटीला घट्ट बसणारा रबरी पट्टा तिच्याकडे. वीस किलोमीटर उंचीवर हवा इतकी विरळ की अंगातलं पाणी उकळायला लागतं. तिथे विमानाची काच तडकली, तर पट्ट्याच्या आत कोंडलेला प्राणवायू हाच काय तो माणसाचा जीव. दूस्या टाका घालायची तोही श्वास रोखून.

चाचणीला बसायचे मेजर ग्लेब रोदिओनोविच तूचिन. लोखंडी खोलीत त्यांना बसवून आतली हवा खेचून घेत, आणि दर वेळी हनुवटीखाली बारीक फुसफुस सुरू होई.

"थोडीशीच तर आहे, चालेल," मुख्य अभियंता कार्प ल्वोविच म्हणाला. "शुक्रवारी खरं उड्डाण. तारीख वरून आली आहे."

'चालेल' या शब्दाची दूस्याला चीड होती. चालेल म्हणणारा कधी वर जात नसतो. तिने शिवण दोनदा उसवली, दोनदा घातली. मग मेजरच्या चेहऱ्याचा साचा घेऊन केलेलं प्लॅस्टरचं डोकं होतं, त्यावर शिरस्त्राण चढवलं, आत हवा भरली, कडेने साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा येईल तर शपथ! प्लॅस्टरवर गळत नाही आणि माणसावर गळतं. ती त्या पांढऱ्या हनुवटीवरून बोट फिरवत बसली. गुळगुळीत, लोण्यासारखी. साचा घेताना मेजरची दाढी केली होती.

ती तडक कार्पकडे गेली.

"दाढीच्या खुंटांमुळे गळतंय. पट्टा कातडीला चिकटतच नाही."

"वा! शिवता येईना, दाढी वाकडी!" कार्प हसला. "जा, सांग त्यांना. बघू ऐकतात का."

मेजर ऐकणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. उड्डाणाच्या दिवशी वैमानिक दाढी करत नाही. आदल्या संध्याकाळी करतो. आणि लोखंडी खोलीत बसणं हेही तूचिनच्या लेखी उड्डाणच होतं. उंची ती उंची.

"साव्हेल्येव्हना, दुसरं काहीही माग," ते म्हणाले. "आमच्या तुकडीत सकाळी दाढी करून गेला तो यागोदिन. आम्ही चिडवलं, कुणाला भेटायला चाललास रे सजून? संध्याकाळी त्याचे बूट तेवढे परत आणले. सकाळी दाढी मेलेल्याची करतात."

"आणि संध्याकाळी केलेली सकाळपर्यंत खरकागद होते, ग्लेब रोदिओनोविच. वर काच तडकली तर यागोदिन येणार आहे का पट्टा दाबून धरायला?"

मेजरनी नजर वळवली. मग मान खाली घालून, लहान पोरासारखे पुटपुटले, "मी माझ्या हाताने वस्तरा लावणार नाही."

"मग मी लावते."

बोलून गेली खरी.

शुक्रवारी सकाळी सातला मेजर खुर्चीत बसले. दूस्याने फेस लावला, वस्तरा उघडला, आणि तिचा हात हवेतच थांबला. एकोणीसशे एकेचाळीसच्या जुलैत, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, तिने आपल्या नवऱ्याची, प्रोखोरची, अशीच दाढी केली होती. तो तासाभरात आघाडीवर गेला. तीन महिन्यांनी कागद आला: बेपत्ता. त्यानंतर पंधरा वर्षं तिने वस्तऱ्याला हात लावला नव्हता आणि त्या सकाळबद्दल कुणापाशी अवाक्षर काढलं नव्हतं. आपल्याच हाताला काहीतरी आहे, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

सांगावं? सांगितलं तर हा माणूस अर्ध्या फेसानिशी उठून जाईल. खुंट राहतील. न सांगता केली आणि तो परत आला नाही, तर पुढचं आयुष्य कसं काढायचं? तिला खरंच भीती वाटली. पण रबराला शकुन-अपशकुन कळत नाहीत, खुंट कळतात. तिने वस्तरा टेकवला.

"हात थंड आहे तुझा," मेजर म्हणाले.

"पाणी थंड आहे. बोलू नका, कापेल."

नऊ वाजता विमान उडालं. दूस्या शिवणयंत्रासमोर बसून राहिली. दोऱ्याचं रीळ समोर, पण सुईत दोरा ओवता येईना. सव्वादहाला धावपट्टीवरून रुग्णवाहिकेचा आवाज आला आणि तिने डोळे मिटून घेतले.

अर्ध्या तासाने दार उघडलं. मेजर स्वतःच्या पायांनी आले होते. चेहरा राखेसारखा, मानेवर पट्ट्याचा लालभडक वळ.

"एकोणीस किलोमीटरवर विमानाची काच गेली," ते म्हणाले. "खाली येईपर्यंत चार मिनिटं."

"पट्टा?"

"हूं की चूं नाही." ते धपकन बाकावर बसले. "हात मात्र सराईत आहे तुझा. कुणाची करायचीस?"

खोटं बोलायला तिच्यात त्राण उरलं नव्हतं. तिने सगळं सांगितलं. स्टूल, जुलै, कागद.

मेजरनी हनुवटीवरून हात फिरवला. "हे सकाळी कळलं असतं तर मी खुर्चीतून उठलो असतो."

"म्हणूनच बोलले नाही."

"आणि मी आलो नसतो तर?"

दूस्याने समोरच्या सुईकडे बोट दाखवलं. सकाळपासून तिला त्यात दोरा ओवता आला नव्हता.

मेजरनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "नाव काय होतं त्याचं?"

"प्रोखोर."

"साव्हेल्येव्हना, प्रोखोरला जर्मनांनी मारलं. तू त्याची फक्त दाढी केलीस."

इतकी साधी गोष्ट. पंधरा वर्षांत तिने कुणाला सांगितलंच नव्हतं, तर हे तिला म्हणणार कोण? ती यंत्रावर डोकं टेकून रडली, हुंदके देऊन, कारखान्याला ऐकू जाईल इतकी. मेजर उठले नाहीत, समजूतही घालत बसले नाहीत.

ती शांत झाल्यावर त्यांनी टोपी घातली.

"मंगळवारी पुन्हा वर जायचंय," ते म्हणाले. "सातला येतो मी."