सुतारखोलीचं कुलूप

मी सुतारखोलीचं कुलूप बोलतोय. माणसांना एकमेकांचा भरवसा नसतो, म्हणून आम्हाला जन्माला घालतात. तेव्हा माझा स्वभाव संशयी आहे, याचं कुणी नवल करू नये.

माझी घडण अलीगढच्या कारखान्यातली. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत एलिया मास्तरांनी मला नगरच्या बाजारातून राहुरीजवळच्या आपल्या आश्रमात आणलं. चोरीमारीत सापडलेली पोरं कोर्ट तिथे ठेवी. ती सुतारकाम शिकत. करवती, पटाश्या, फळ्या, सगळं माझ्यामागे. दार लावलं की मास्तर मला ओढून बघत, आणि मग पोरांच्या तोंडांकडे.

गोरक्षकडे जरा जास्तच. जामखेडकडचा हा पोरगा कुलपं उघडतानाच पकडला गेला होता. "कुलपाला हात लागला की येरवडा," मास्तरांनी त्याला बजावलं होतं. माझ्याजवळून जाताना तो हात पाठीमागे धरून जाई. मला त्यातही डाव दिसे.

चैत्रात मास्तरांची बायको मार्थाबाई तापाने गेली. वस्तीत ख्रिस्ती घरी कुणी वारलं की शवपेटी आमची पोरंच करत. पण किल्ली घेऊन पोरांना सुतारकाम शिकवणारे थॉमस मिस्त्री पुणतांब्याला गेलेले, दुसऱ्या दिवशी येणार. ऊन चढू लागलं. मास्तरांनी मला दगडाने ठोकून पाहिलं. त्यांचीच बोटं सोलवटली.

मग ते गोरक्षपुढे जाऊन उभे राहिले. "उघड."

"न्हाई."

"मी सांगतोय ना."

"आज सांगताय. उंद्या कोर्टाचा सायेब आला की म्हनाल, ह्यानंच फोडलं."

"ती घरात तशीच पडलीय रे."

"बाईंनी मला कवा चोर म्हनलं न्हाई," गोरक्ष म्हणाला. "पन तुमचा भरवसा न्हाई, मास्तर. कुलूप तुमी धरा. तुमच्या हातात आसंल तरच तार घालीन."

मास्तरांनी मला धरलं. गोरक्षने तार आत सरकवली.

"हलवू नगा वो."

आत काहीतरी मोडलं आणि मी उघडलो. दुपारपर्यंत पेटी झाली. झाकणाच्या कडा गोरक्षने रंधल्या, बोट फिरवून पाहिल्या आणि पुन्हा रंधल्या.

पुढच्या महिन्यात पोरांवर देखरेख करणारे कोर्टाचे साहेब आले. मोडका मी त्यांच्या नजरेस पडलो.

"हे कुणी उघडलं?" त्यांनी गोरक्षकडे बघतच विचारलं.

गोरक्ष मास्तरांकडे बघत होता. पळायचं झालं तर दाराशी कोण उभं आहे, हेही त्याने पाहून ठेवलं होतं. खरं सांगतो, मलाही मास्तरांची खात्री नव्हती.

"कुलूप माझ्या हातात होतं," मास्तर म्हणाले. "बायकोची पेटी करायची होती."

साहेब पुढच्या खोलीकडे वळले. गोरक्ष आश्रमातच राहिला.

आता दाराला नवं कुलूप आहे. गोरक्ष अजून त्याच्यापासून लांबूनच जातो. मी वाकड्या खिळ्यांच्या डब्यात पडून आहे. परवा थॉमस मिस्त्री मला हातात घेऊन म्हणाले, स्प्रिंग बदलली की चालेल हे. त्यांना कुणीतरी सांगा, राहू द्या. उघडं राहण्याची सवय मला आता कुठे लागते आहे.