पट्ट्याला लागलेलं लोणी

मित्रांनो, मला पाहून हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. माझ्यानंतर जन्मलेल्या गाड्याही मला हसतात. मी तीन चाकांची मोटार आहे. पुढे दोन चाकं, मागे एक. आता गोठ्यात उभी असते. माझ्या बसायच्या जागेवर कोंबडी अंडी घालते आणि मी तिला काही म्हणत नाही.

मला कुठल्या कारखान्याने बनवलं नाही. तळेगावच्या गुलाब मिस्त्रीने जुन्या मोटरसायकलचं इंजिन, पत्रा आणि लोखंडी नळ्या जोडून मला उभं केलं. बनवून घेतलं रूपरावांनी, त्यांच्या लेकीसाठी, वर्षालीसाठी. वर्षालीचा उजवा पाय लहानपणापासून अधू. दोन चाकांची गाडी तिला सांभाळता येत नसे आणि एसटी तिच्या वेळेवर कधी आली नाही. तळेगावच्या औषधांच्या दुकानात तिला काम मिळालं होतं. ते टिकायचं तर तिला रोज आपलं आपण जाता-येता यायला हवं होतं. त्यासाठी माझा जन्म.

इंजिनाचा जोर मागच्या चाकापर्यंत न्यायला गुलाबने साखळी घातली. साखळी म्हणजे मोठी भांडकुदळ बाई. सदा खडखडणार, तेल मागणार, कपाशीच्या दिवसांत कापूस चिकटवून घेणार. पण कामाला वाघीण. कधी तुटली तर रूपराव बांधावर बसून कडी जोडत आणि मी पुन्हा धावत असे.

रूपरावांचे बैल म्हातारे होऊन गेले होते. शेतात भाड्याचा ट्रॅक्टर येई. तुम्हाला ठाऊक असेल, पोळ्याच्या आदल्या सांजेला आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. कोमट लोण्यात हळद कालवून जू बसतं तिथे चोळतात आणि बैलांना जेवायचं निमंत्रण देतात. बैल नाहीत तर शेकायचं कुणाला? पहिल्याच वर्षी रूपराव वाटी घेऊन माझ्यामागे येऊन बसले. झाकण उघडून त्यांनी साखळीला आणि चाकाच्या दांड्याला लोणी चोळलं आणि म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मित्रांनो, मला त्या वेळी आपण बैल आहोत असं वाटलं, आणि बरं वाटलं. साखळीलाही ते मानवलं. पोळ्यानंतर ती बरेच दिवस मऊ चाले. रूपराव सगळ्यांना सांगत, "जिथं जोर लागते, तिथं शेक पाह्यजे." पुढे दर पोळ्याला हे ठरूनच गेलं.

पण वर्षालीला साखळीचा आवाज सोसवेना. मी वळणावर असतानाच लोक अंगणात येऊन उभे राहत. पोरं माझी नक्कल करत आणि मग तिच्या चालण्याचीही. एका उन्हाळ्यात गुलाब तेलपाणी करायला आला, तेव्हा तिने विषय काढला.

गुलाब म्हणाला, "पट्टा टाकू का ताई? चक्कीले असते तसा. आवाज नाई, तेल नाई, कपडे खराब होत नाई."

"अन् पाण्यापावसात?" रूपराव म्हणाले. "वला झाला का जाग्यावरच फिरन. साखळीच बरी."

"बाबा, माह्या आधी माहा आवाज गावात जाते," वर्षाली म्हणाली. "लोक पाह्याले उभेच राह्यतात. एकडाव तं मले गुपचूप निंघून जाऊ द्या."

रूपरावांनी एकदा साखळीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "टाक रे गुलाब, पट्टा टाक."

पट्टा आला आणि मी मुकी झाले, इंजिनाची तेवढी हलकी गुरगुर उरली. संत्र्याच्या बागांमधून आम्ही दोघी अशा निघायचो की झाडावरचा बगळासुद्धा उडत नसे. वर्षाली गाणं गुणगुणायची. इतकी वर्षं ती माझ्यावर बसत होती, पण तिचा आवाज गोड आहे हे मला तेव्हा कळलं. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस, आणि ते थोडेच होते.

पोळा आला. आदल्या सांजेला रूपराव वाटी घेऊन आले. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की बाबा, साखळीला लोणी म्हणजे जेवण, पट्ट्याला लोणी म्हणजे विष. पट्टा चाकाला घट्ट धरून ओढतो, त्याला निसरडं चालत नाही. पण आम्हा यंत्रांना तोंड कुठे असतं? त्यांनी नेहमीच्या मायेने पट्टा चोळला, जास्तच चोळला, नवा आहे म्हणून. आवतन दिलं आणि झाकण लावून गेले.

दुसऱ्या सकाळी दुकान अर्धा दिवस उघडं होतं. सपाट रस्त्यावर मी कशीबशी चालले. नाल्यापलीकडच्या चढावर इंजिन ओरडू लागलं आणि चाक फिरेना. वर्षालीने ब्रेक दाबला, पण ओल्या मातीवरून मी मागे घसरले आणि शेतात कलंडले. तिचा धड पाय माझ्याखाली आला. तो मोडल्याचा आवाज मी ऐकला.

माझं झाकण उघडलं होतं. चिखलात पडल्या पडल्या तिने हात लांबवून पट्टा धरला. तळहात पिवळा झाला. तिने तो नाकाशी नेला आणि डोळे मिटले. मग गवताला हात पुसला आणि ओढून झाकण बंद केलं.

कुणीतरी घरी निरोप दिला आणि रूपराव धावत आले. "काय झालं वं माय?"

"पट्टा वला झाला बाबा," ती म्हणाली. "तुमचंच बरोबर होतं."

पाय जुळायला हिवाळा उजाडला. तोवर दुकानात दुसरी मुलगी लागली होती. पण दुकानं आणखी होती आणि रूपरावांनी हिंमत सोडली नव्हती. त्यांनीच गुलाबला बोलावलं. तो खांद्यावर नवी साखळी टाकून आला आणि माझ्यामागे उकिडवा बसला. झाकणाला हात घालणार, तोच वर्षाली काठी टेकत दारातून ओरडली, "राहू द्या! मले गाडी नाई पाह्यजे आता. भेव लागते."

गुलाब एकदा तिच्याकडे, एकदा रूपरावांकडे पाहत राहिला आणि साखळी घेऊन परत गेला. त्याने झाकण उघडलं असतं तर मातीत थिजलेलं पिवळं लोणी बापासमोर आलं असतं. ते स्वतः काढावं, तर त्यासाठी माझ्यामागे उकिडवं बसावं लागतं. ते तिला जमत नाही आणि दुसऱ्या कुणाला सांगणार कसं?

म्हणून मी अशी उभी आहे. आल्यागेल्याला रूपराव हळू आवाजात सांगतात, "पोरगी भेली माही. पह्यले अशी नव्हती." आत वर्षाली ते ऐकते आणि भाजी चिरत राहते. मला तिचा राग येतो आणि दयाही येते.

मित्रांनो, यंत्रावर माया जरूर करा, पण त्याला काय मानवतं ते आधी विचारून घ्या. आणि मायेच्या माणसाकडून चूक झाली, तर ती त्याच्यापासून लपवू नका. त्याला सोसेल. रूपरावांनाही सोसेल, एक दिवस रडतील आणि दुसऱ्या दिवशी स्वतः साखळी आणायला जातील. कुणी इकडे आलात तर माझं झाकण उघडून त्यांना दाखवा. आणि त्यांना एवढं सांगा, की तुमची पोरगी कशालाच भ्यायलेली नाही.