आनंदरावांची छाती

मित्रांनो, मी एक जुना रबरी माणूस आहे. मला डोकं, छाती आणि दोन हात आहेत; पाय द्यायचे कारखान्याने टाळले. छातीत एक स्प्रिंग आहे. पुरेशा जोराने दाबलं की ती ‘टक्’ वाजते. माझं बोलणं तेवढंच.

नागपुरात विद्यापीठाची मुलं रुग्णवाहिकेवरचं काम शिकतात, त्या वर्गात मी असतो. कुणाचं हृदय बंद पडलं, तर दवाखाना गाठेपर्यंत छाती कशी दाबत राहायची, हे ती माझ्यावर शिकतात. माझे रंगवलेले पांढरे केस पाहून पहिल्याच तुकडीने मला आनंदराव म्हटलं. तेव्हापासून मी सगळ्यांचा काकाजी. सुट्टीत मला कपाटात कोंबतात, कानात कोळी जाळं करतो. पण वर्ग उघडला की शिकवणाऱ्या प्रियदर्शनी मॅडम ओल्या फडक्याने माझं तोंड पुसतात, न्हालेल्या बाळाचं पुसावं तसं, अगदी कानामागेसुद्धा. मग मी कपाट विसरतो.

यंदा उमरेडच्या विणकर घरातली कामिनी आली. तिचे आजोबा घरीच कोसळले, तेव्हा भोवती माणसं होती. पण वडीलधाऱ्या माणसाच्या छातीवर जोर कसा लावायचा म्हणून कुणी पुढे झालं नव्हतं, आणि आजोबा गेले. तिला रुग्णवाहिकेवरच जायचं होतं, आणि परीक्षेत नापास होणाऱ्याला तिथे पाठवत नसत.

तिचा हात सुरेख पडायचा. टक्, टक्, टक्. पण सरकताना तिचा पाय माझ्या हाताला लागे, आणि लगेच ती थांबून मला स्पर्श करी, बोटं कपाळाला लावी.

“काहून थांबली वं?” मॅडम विचारायच्या.

“पाय लागला ना मॅडम, काकाजीले.”

“अवं, त्याचा जीव चालला अन् तू पाया पडून राहिली!”

“काकाजी आशीर्वाद देतीन वं, पण वरून!” तिच्या वर्गातला प्रज्वल म्हणाला. वर्ग हसला. कामिनीही हसली, पण डोळे भरले. “मी ठरवतो मॅडम, पण हात आपोआपच जाते.”

मॅडम तिच्याजवळ खाली बसल्या. “मग असं कर. सुरू करायच्या आधीच पाया पडून घे. पुढं जे लागंल, त्याची माफी आताच मागून टाक. अन् मग हात उचलू नको.”

परीक्षेच्या दिवशी कामिनीने माझ्या खांद्याला हात लावला, कपाळाला नेला आणि सुरुवात केली. मधेच तिचा गुडघा माझ्या बोटांवर चांगला दाबून पडला. मला वाटलं, आता हात उचलते की काय! पण हात उचलला नाही. टक्, टक्, टक्. मॅडम ‘बस’ म्हणेपर्यंत माझी छाती वाजतच राहिली.

“पास झाली गा, प्रज्वल!” ती ओरडली.

“मले काय सांगतं? काकाजीले सांग!”

आता कामिनी रुग्णवाहिकेवर असते. माझी स्प्रिंग सैल झाली आहे, नाकाचा रंग उडाला आहे, आणि मी सुखात आहे. इतर जुन्या वस्तू तुम्हाला सांगतील, आम्हाला जपा. मी म्हणतो, मला पुसा, कोळ्याला हाकला. पण जपून ठेवू नका. या, गुडघे टेका आणि दाबा, मित्रांनो. मला दुखत नाही. तुमचा संकोच माझ्यापाशीच संपू द्या. पुढच्या माणसाला तेवढा वेळ नसतो.