येतात आणि येत नाहीत

मित्रांनो, मी बुटांचा एक जुना खोका आहे. माझ्यातले बूट केव्हाच झिजून गेले. मी मात्र एका परिचारिकेच्या कामी आलो. तिने माझ्या पोटात पुठ्ठ्याची आडभिंत चिकटवून दोन कप्पे केले. एकावर लिहिले 'येतात', दुसऱ्यावर 'येत नाहीत'. मग आले कागदाचे छोटे पत्ते. पुढे अवघड इंग्रजी शब्द, मागे मराठी अर्थ.

तिचा नवरा परदेशी कामाला गेला होता. तिथल्या रुग्णालयात तिलाही जागा मिळाली होती. अट एकच, इंग्रजीची परीक्षा. ड्युटीवरून येताना तिच्या पायांत गोळे आलेले असत, तरी ती मला मांडीवर घेई. इंग्रजी शब्द वाचायचा, अर्थ आठवला की पत्ता 'येतात'मध्ये टाकायचा. तो कप्पा फुगत गेला. माझ्या कडा उसवल्या, पण त्या भाराचा मला अभिमान वाटे.

"सूनबाई, नशीबवान आहे तुझा खोका," शिंपीकाम सोडून घरी बसलेले सासरे म्हणत. "माझ्याशी एवढं बोलली असतीस, तर मीच साहेब झालो असतो."

"परीक्षा होऊ द्या, बाबा. मग तुमच्याशीच बोलते. तेही इंग्रजीत!"

परीक्षा झाली. वाचनात उत्तम गुण, बोलण्यात नापास. "साधाच प्रश्न होता," ती नवऱ्याला फोनवर रडत सांगत होती, "आणि माझ्या तोंडून 'गुड, व्हेरी गुड' याच्यापुढे काही निघेना." रुग्णालयाने आणखी एकच संधी दिली. तिने मला कपाटावर ढकलले. माझ्यावर धूळ बसली.

मला खाली काढले ते सासऱ्यांनी, बटणे ठेवायला. 'येतात'मधला एक पत्ता त्यांनी उचलला. इंग्रजी वाचता येत नसल्याने तो उलटला.

"सूनबाई, 'चिघळणे'ला काय म्हणतात गं?"

भाजी चिरणारी सुरी थांबली.

"बरं, 'चालढकल'?"

"थांबा बाबा... ओठांवर आहे."

तो शब्द ओठांवरच राहिला. पुढचाही.

"अगं, हे तर येणाऱ्यांच्या घरात होते!"

ती हात पुसत आली आणि माझ्याकडे बघत राहिली. इतक्या महिन्यांत तिने एकही पत्ता मराठी बाजूने उचलला नव्हता. शब्द दारात आला की ती त्याला ओळखे. पण आपण होऊन हाक मारायची, तर त्याचे नाव आठवत नसे. तिने 'येतात'मधले सगळे पत्ते पलीकडे ओतले. माझी एक बाजू एकदम पोकळ झाली.

आता सासरे मराठी वाचतात. ती कणीक मळताना उत्तर देते, अडते, चिडते.

"माझ्यावर कशाला डाफरतेस? माझी बटणं अजून वाटीतच पडलीत!"

परीक्षा तोंडावर आली आहे आणि 'येतात'मध्ये जेमतेम मूठभर पत्ते आहेत. ते पुरतील का, मला ठाऊक नाही. तिलाही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी असा खोका असेल, तर त्याला ओलीपासून जपा, उंदरांपासून जपा. पण नुसता भरलेला कप्पा पाहून निर्धास्त होऊ नका. कुणाला तरी पत्ता उलटा धरायला सांगा.

काल 'चिघळणे'चा पत्ता परत 'येतात'मध्ये आला. एवढासा कागद, पण या खेपेला मला त्याचे वजन जाणवले.